माग ठेवणारी घसरगाडी

प्रिय तौनो,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्या वयात पाकिटावर गावाकडचा शिक्का दिसला की माणूस आधी खुर्ची शोधतो, म्हणून हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. ओइवा आहे, मी आहे, सौनाच्या वाफघराचं छप्पर यंदाही त्याच कोपऱ्यात गळतंय. फोनच करणार होते, पण फोनवर आपण काय बोलणार ते मला पाठ आहे. तू विचारणार थंडी किती, मी सांगणार बरीच, तू म्हणणार बरं मग, आणि ठेवून देणार. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण तू मला शाळेपासून ओळखतोस, मी दुसरं पाठवीन हे तुला माहीत आहे.

तेव्हा बातमी आधी. ओइवा विसरायला लागला आहे. गेल्या शरद ऋतूत सुरुवात झाली. एकदा किटलीत दोनदा कॉफी घातली, एकदा बोटीचं कुलूप लावून किल्ली बोटीतच टाकली, आणि मी हसले, कारण असल्या गोष्टी तर मीही करते. मग एके सकाळी त्याने मला विचारलं की आई उठली का. त्याची आई जाऊन तीस वर्षं झाली, तौनो. मी म्हटलं, झोपू दे तिला. दुसरं काय म्हणणार? दवाखान्यातली नर्स भली बाई आहे. ती त्याला घड्याळाचं चित्र काढायला लावते आणि तो तिला दर वेळी सांगतो, "बाई, मला वेळ बघायची असेल तर मी खिडकीतून बघतो." डॉक्टरांनी मात्र एक गोष्ट ठणकावून सांगितली. गोठलेल्या तळ्यावर, बर्फावर एकट्याने जायचं नाही. आता हे ओइवाला सांगणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. या माणसाने हिवाळ्यातला एकही रविवार जमिनीवर काढलेला नाही. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा हा गिरमिट खांद्यावर टाकून बर्फाला भोकं पाडून मासे धरायला गेला होता, आणि सोबत तू होतास.

डॉक्टरांचं ऐकलं असतं तर तो ओइवा कसला. जानेवारीत मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, तेवढ्यात स्वारी निघाली. ती जुनी गुळगुळीत बुडाची घसरगाडी तुला आठवत असेल, पाळण्यासारखी, फायबरची. त्याला ती का आवडायची हे गावात फक्त मला माहीत होतं, आणि बहुधा तुला. ती बर्फात रेघ उमटवत नाही, नुसती चोपून जाते, आणि मागे स्प्रूसची एक झुबकेदार फांदी बांधली की जी काही खूण राहते ती झाडून निघते. चाळीस वर्षं हा माणूस स्वतःचा माग केरसुणीने झाडत, मासे लागतात त्या बुडीत खडकापर्यंत गेला आणि झाडत परत आला. घरात कधी केर काढला नाही, तळं मात्र लख्ख. कुणी विचारलं, "ओइवा, इतके मोठे पट्टेरी मासे सापडतात कुठे?" की म्हणायचा, "पाण्यात." "किती खोल?" "तळापर्यंत."

त्या दिवशीही फांदी बांधून गेला. मासे धरले, चांगले धरले, आणि परत फिरला तेव्हा त्याला घर कुठल्या बाजूला ते कळेना. आभाळ आणि बर्फ एकाच रंगाचे होते. चर्चचा मनोरा दिसत नव्हता. मागे वळून पाहिलं तर आपली पावलं नाहीत, गाडीचा माग नाही, सगळं त्यानेच पुसलेलं. शेजारचा एस्को त्याच्या बर्फावरच्या यंत्राच्या गाडीवरून जाळी बघायला निघाला होता म्हणून बरं. त्याला ओइवा आमच्याच काठापासून हाकेच्या अंतरावर गोल गोल फिरताना दिसला, दिवस बुडता बुडता. एस्कोने मला सांगितलं की काका त्याला म्हणाले, "मी ठीक आहे, जरा जागा बघतोय." घरी आणला तेव्हा त्याच्या मिशांत बर्फ होता आणि हातातली पिशवी त्याने सोडली नव्हती. मी मासे साफ केले, त्याला सौनात बसवलं, आणि स्वयंपाकघरात येऊन टेबलावर डोकं ठेवून रडले. मग मासे तळले, कारण मासे वाट बघत नाहीत.

त्यानंतर तो गप्प झाला. चिडला असता तर बरं वाटलं असतं. नुसता खिडकीशी बसायचा, तळ्याकडे पाठ करून. आमची पिर्यो, शेवटी मुलगी कुणाची? बापाला काय हवंय ते न विचारता तिने शहरातून एक नवी घसरगाडी पाठवली, लाल प्लास्टिकची, झाकण असलेली, थर्मास ठेवायला वेगळा खण. ओइवाने तिच्याभोवती एक फेरी मारली, झाकण उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "यात बाळ झोपवायचं का?" त्या गाडीतून मी आता लाकडं आणते. लाकडांना ती फार छान आहे.

आणि मग फेब्रुवारीत एके सकाळी कोठारातून खडखडाट ऐकू आला. जाऊन बघते तर हा त्याच्या सैन्यातल्या लाकडी स्की खाली काढून बसलेला. म्हटलं, आता या वयात स्कीवर जाणार? म्हणाला, "मी नाही जाणार, गाडी जाईल." त्याला खाली दोन अरुंद पट्ट्या असलेली, वर बर्चच्या लाकडाचा सांगाडा असलेली गाडी करायची होती. आपल्या लहानपणी सगळ्यांचे बाप ओढायचे तशी. मला आनंद झाला. काय होईना, खिडकी सोडली.

आम्ही दोघांनी ती केली, तौनो. म्हणजे त्याने केली आणि मी बाजूला उभी राहून धर म्हटलं की धरलं, सोड म्हटलं की सोडलं. खिळे मारू देईना. खिळ्यांची गाडी कडाक्याच्या थंडीत तडकते, दोऱ्यांनी बांधलेली लवते, हे त्याला बरोबर आठवत होतं. हातांना सगळं आठवतं, डोक्यालाच काय झालंय कुणास ठाऊक. सांगाडा वीतभर उंच ठेवला, बर्फाखाली पाणी साचलेलं असलं तर सामान भिजू नये म्हणून. पुढे गिरमिटाला खाच, मधे बादलीची जागा, मागे सतरंजीची. एकदा दिवसभर खपून त्याने सांगाड्याच्या चारही खुंट्या एकाच स्कीला बसवल्या. मला दिसत होतं, पण मी काही बोलले नाही. रात्रभर त्या तशाच राहिल्या. सकाळी कोठारात गेला, बराच वेळ बाहेर आला नाही, आणि मला वाटलं, झालं, आता परत खिडकी. तर आतून हसण्याचा आवाज. "हेल्वी, अगं इकडे ये! कुण्या गाढवाने एका पायाची गाडी केलीय बघ." मी म्हटलं, गाढव माझ्या ओळखीचं आहे. आम्ही दोघं कोठारात उभं राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. माझ्या डोळ्यांतलं सगळंच हसण्याचं नव्हतं.

मग पट्ट्यांचा प्रश्न आला, आणि इथे मी बुचकळ्यात पडले. नुसत्या स्की चालल्या असत्या. पाइनचं डांबर कढवून लावलं होतं, लोण्यासारख्या सरकत होत्या. पण हा समाधानी नाही. खाली लोखंडाची पट्टी बसवून बघितली, ती काढून त्याहून बारीक बसवली. दर वेळी बादलीत दगड भरायचा, अंगणात गाडी ओढायचा, शेवटाला पोचला की वळून परत यायचा आणि वाकून बर्फाकडे बघायचा. गाडीकडे नाही, बर्फाकडे. स्वयंपाकघरातून मी बघत होते. म्हटलं, याला झालंय काय, काही पडलंबिडलं का? एस्को कुंपणावरून बघत होता, त्याला राहवेना म्हणून तो ओरडला, "ओइवाकाका, इतकी बारीक पट्टी मऊ बर्फात बुडेल की! ओढणार कोण, घोडा?" ओइवा म्हणाला, "मार्चात बर्फ मऊ नसतो, एस्को. तू मार्चात यंत्रावर बसलेला असतोस, तुला काय कळणार." एस्को हसत गेला. मीही बाहेर आले आणि म्हटलं, अरे, पण तो म्हणतो ते खोटं नाही, रुंद पट्टी हलकी जाते. तर मला हाताला धरून त्याने अंगणाच्या टोकाला नेलं आणि खाली बोट दाखवलं. दोन रेघा होत्या. सरळ, खोल, वहीत आखल्यासारख्या. त्या संध्याकाळी वाऱ्याने वरचा भुगा उडून गेला तरी रेघा तशाच होत्या. दुसऱ्या सकाळी त्याने त्या पुन्हा जाऊन पाहिल्या आणि शीळ घालत आत आला.

ज्याने जन्मभर माग झाडला तो आता माग खोदत होता. मला वाटलं, समजलं मला, जानेवारीची धास्ती आहे. ते होतंच. पण तेवढंच नव्हतं.

आता तुझ्याकडे येते, पाय आवरून बस. जगात माणसं बांधावरून भांडतात, बायकांवरून भांडतात, तुम्ही दोघं एका भोकावरून भांडलात. मला तो दिवस अजून दिसतो. रात्री ताजा बर्फ पडला होता, वारा नव्हता, ओइवाची फांदी वाटेत कुठेतरी सुटून पडली आणि त्याला पत्ता नाही. आणि तू, त्याचा जिवाभावाचा मित्र, कॉफीचा थर्मास घेऊन मागावर मागावर गेलास, त्या खडकावर पोचलास आणि म्हणालास, "अरे, इथे होय!" बादली उपडी घातलीस आणि त्याच्यापासून दोन हातांवर गिरमिट लावलंस. तुला वाटलं गंमत केली. तो काही न बोलता सामान बांधून घरी आला, आणि तेव्हापासून अकरा हिवाळे तुम्ही एकमेकांशी बोललेला नाहीत. मी त्याला किती समजावलं, कैसा तर तुझी बायको, तीही तुला किती बोलली. कैसा गेली तेव्हा तो आला, तिची शवपेटी उचलायला तुझ्यासमोर उभा राहिला. तू ताडमाड, तो बुटका, पेटी सगळी त्याच्याकडे कललेली, आणि त्याने मान वर करून तुझ्याकडे पाहिलं नाही. तूही पाहिलं नाहीस. नंतर तू मुलाकडे लाहतीला निघून गेलास. मला तेव्हा तुम्हा दोघांचे कान उपटावेसे वाटले होते, आणि अजून वाटतात.

पंधरवड्यापूर्वी गाडी पुरी झाली. शेवटी ओढायचे पट्टे राहिले होते. ते त्याने माझ्या माहेरच्या घोड्याच्या जुन्या साजाच्या चामड्यातून कापले, छातीवरून घ्यायचे, दोन. एक डाव्या अंगाला, एक उजव्या. मला भरून आलं. म्हटलं, हा मला सोबत नेणार. माझा खुबा हा असा, शंभर पावलं बर्फावर धड चालवत नाही, पण म्हटलं, लंगडत का होईना, जाईन. उजवा पट्टा घेतला, डोक्यावरून घातला, तर तो थेट माझ्या मांड्यांवर येऊन लोंबला. वाटलं, मापात चुकला बिचारा. म्हटलं, दे, मी आखूड करते. तर इतक्या झटक्याने त्याने तो माझ्या हातून घेतला. "हात लावू नकोस. माप बरोबर आहे." मी म्हटलं, कुणाचं माप? तो डांबराच्या डब्याचं झाकण शोधायला लागला. झाकण डब्यावरच होतं.

मी चुलीपाशी पोचले आणि तिथेच उभी राहिले. या गावात एवढ्या उंचीचा माणूस एकच झाला, आणि तो लाहतीला राहतो.

शनिवारी सौनात विचारलं. तिथे तो खोटं बोलत नाही, कधीच बोलला नाही. मी तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं, वाफ जरा बसू दिली आणि म्हटलं, एस्को तुला यंत्रावर नेतो म्हणतोय, मग हा खटाटोप कशाला? म्हणाला, "एस्कोला जागा कळली की दुपारपर्यंत दुकानात कळेल. रविवारी तिथे जत्रा भरेल." मग म्हणाला, "हेल्वी, मला मनोरा आठवतो. मनोऱ्याच्या रेषेत एक पाइनचं झाड धरलं की जागा सापडते, तेही आठवतं. पण कुठलं पाइन, ते जातं. कधी येतं, कधी जातं." मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "जागा आणखी एकालाच माहीत आहे. ज्याला मी दाखवली नाही त्याला." मी म्हटलं, आणि तो ती सगळ्यांना सांगून बसला असेल तर? त्यावर हसला. म्हणाला, "नाही सांगितली. दर हिवाळ्याला पहिल्या दिवशी मी आधी तेच बघायचो, माझ्याशिवाय कुणाचं भोक आहे का. एकदाही नव्हतं. तो स्वतःसुद्धा परत आला नाही." अकरा हिवाळे हा माणूस गुडघे टेकून तुझं भोक शोधत होता, तौनो, आणि ते सापडत नव्हतं, आणि ते सापडत नाही हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. मला तर असं वाटलं की उठून त्या गरम दगडांवर त्यालाच बसवावं. मी विचारलं, इतका ठळक माग कशासाठी करतोयस मग? म्हणाला, "परत यायला." आणि टॉवेलने तोंड पुसत, "आणि कुणाला यायचं असेल तर."

आता शेवटचं. आठ दिवस झाले, हा रोज सकाळी न्याहारी करून रिकामी गाडी घेऊन बाहेर पडतो. बर्फावर पाय ठेवायचा नाही हे वचन त्याने मला दिलंय, आणि ते तो पाळतो, म्हणून मी आधी मागे गेले नाही. मग एकदा लोकरीची टोपी विसरला म्हणून गेले. तर हा दुकानापाशी, बसच्या थांब्यावर. तिथून गाडी वळवली आणि पायवाटेने खाली उतरला, आपल्या घरावरून, सौनावरून, काठावरच्या वाळलेल्या लव्हाळ्यांपर्यंत. लव्हाळ्यांपाशी थांबला, वळून दोन्ही रेघा पाहिल्या, परत आला. बर्फ पडला की पुन्हा नव्याने करतो. नर्स म्हणते रोजचा व्यायाम चांगला आहे. गावातले म्हणतात ओइवा रिकामी गाडी फिरवतो, बिचाऱ्याचं डोकं गेलं. म्हणू देत. काल जेवताना मात्र त्याने मला विचारलं, "लाहतीची बस अजून साडेअकराचीच आहे ना?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "बर्फ एप्रिलच्या अर्ध्यापर्यंत तरी धरेल." मी म्हटलं, धरेल. मग कॉफीचा कप बाजूला सारून त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं तो पहिल्यांदा नाचायला विचारायला आला होता तेव्हा बघत होता, आणि म्हणाला की तुला एक पत्र टाक, पण ते त्याने टाकायला सांगितलं असं अजिबात लिहायचं नाही. तेव्हा ते मी लिहीत नाही. एवढंच लिहिते की काही दिवशी तो मला ओळखतो आणि तारीख विसरतो, आणि पुढच्या हिवाळ्यात काय काय विसरलेला असेल ते नर्सही सांगत नाही. काळा पाव आणि लोणी घरात आहे, वरच्या खोलीत पलंग घातला आहे, तुझ्या पायांना पुरणार नाही पण पूर्वीही पुरत नव्हता. थांब्यावर उतरलास की खाली बघ. माग काठापर्यंत आहे. तिथून पुढची वाट तुला माहीत आहे.

तुझ्याच शाळेच्या बाकावरची,
हेल्वी

ता. क. गिरमिट तुझं तू आण. मी विचारलं, दोन हातांवर चालेल का. म्हणाला, दीड हातावरही चालेल.